राणीमातेची डावी भुवई

चांगआन, सहाव्या महिन्याची दहावी

ती. रुईन्यांगताईस, शुनझीचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेले सुकवलेले जर्दाळू पोचले. शेजारच्या खोलीतल्या उमेदवारांनी वासावरूनच ओळखले आणि अर्धे तिथल्या तिथे संपवले. मी देवळाच्या मागच्या खोलीतच राहतो. सकाळी तिळाची रोटी, दुपारी अभ्यास, संध्याकाळी बड्या लोकांच्या दारात ताटकळणं. परीक्षेआधी आपल्या कवितांची गुंडाळी एखाद्या वजनदार माणसाकडे पोचली नाही, तर पेपर कितीही सोन्याचा लिहा, कोणी उघडून बघत नाही. हे तुला मागेच लिहिलं होतं.

आता आनंदाची बातमी. माझी गुंडाळी वाचली गेली! परीक्षा घेणाऱ्या विधी खात्यातले दौ साहेब, ज्यांच्या दारात महिनाभर माझे जोडे झिजले, त्यांनी मला आत बोलावून चहा दिला. त्यांना आवडली ती पश्चिमेच्या राणीमातेवरची कविता. तिच्यावर लिहिणारे इथे पैशाला पासरी आहेत. सगळ्यांची देवी एकच, तिशीची, गोरीपान, मेघांच्या रथातून उतरणारी. मला काहीतरी जिवंत हवं होतं. म्हणून मी असं लिहिलं:

सातवी सांज, दिवा लावून राणीमाता खिडकीशी,
निळी पाखरं निरोप घेऊन गेली, आलं नाही कोणीच;
डाव्या भुवईत तिच्या, चंद्राला पडलेली खाच,
दारात वाकडा जर्दाळू, तोही वाट बघणारा.

भुवई कोणाची ते सांगायला नकोच. लहानपणी मी छपरावरून फेकलेलं कौल असं कामी येईल असं वाटलं नव्हतं! आता ही कविता गायिकांनी चालीत बसवली आहे. परवा पूर्व बाजारात एक उंटवालाही गुणगुणत होता, अर्थात सगळे शब्द चुकीचे. ताई, तुझी भुवई राजधानीत गाजते आहे.

तुझ्या दीक्षेची तयारी कुठवर आली? गुरुमायना माझा दंडवत. आत्याला वेगळं लिहितोच आहे. बाकी सर्व ठीक, या वेड्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
शुनझी

निळ्या पाखरांचा मठ, हुआ डोंगराचा पायथा
सातव्या महिन्याची विसावी

चि. शुनझी यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा हसू आलं, हे खरं. तुझा चहा, तुझे जोडे, तो उंटवाला. दोंग आजींना, म्हणजे आमच्या स्वयंपाकिणीला, वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या की हा मुलगा उपाशी मरणार नाही, बोलून पोट भरेल. मग या महिन्याची सातवी सांज आली, आणि हसू पळालं.

त्या दिवशी आमच्याकडे देवीची पूजा असते. दिवेलागणीला दाराशी गलका झाला. राजधानीहून लोयांगला निघालेले पाच-सहा उमेदवार, बरोबर दारूचे बुधले. वाकड्या जर्दाळूखाली बसून तुझी कविता गायला लागले. दोंग आजी विचारायला गेल्या तर म्हणाले, खाच पडलेल्या भुवईच्या राणीमातेला बाहेर पाठवा, ती आमचीच वाट बघते आहे. मी आत दिवे लावत होते. हातातलं तेल सांडलं. गुरुमायनी दार लावून घेतलं, तरी ते बराच वेळ बसले होते. त्यानंतर दर दोन-चार दिवसांनी कोणीतरी येतंच आहे.

शुनझी, तू राजधानीत राहतोस. तिथे मठातल्या बाईला कवितेत देवी म्हटलं की त्याचा काय अर्थ घेतात, हे मी डोंगराच्या पायथ्याला राहून जाणते, मग तुला कसं माहीत नव्हतं? दिवा लावून बसलेली, एकटी, आणि वर तिच्या दाराची खूण सांगितलेली. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. प्रत्येक वेळी मला तूच दिसलास, बाजारात उभा राहून माझा पत्ता ओरडून सांगणारा.

आमच्या मोठ्या दालनातली देवी तू पाहिली आहेस. भिंतीवर काजळी चढली आहे, पण वाघाचे दात स्पष्ट दिसतात, बिबळ्याची शेपटी दिसते, आणि मोकळे केस. साथीचे रोग आणि शिक्षा तिच्या हातात. साथीत तुझे भावोजी गेले, त्या वर्षी मी पहिल्यांदा तिच्यासमोर बसले, आणि मला बरं वाटलं ते त्या दातांमुळेच. मला गोड हसणारी देवी नको होती. आता एक रेशमाचे व्यापारी म्हणताहेत की भिंत नव्यानं रंगवून देतो, हल्ली असली भेसूर देवी कोणी ठेवत नाही, त्या कवितेतल्यासारखी करू. गुरुमायनी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. छप्पर गळतंय.

माझी दीक्षा दहाव्या महिन्याच्या पौर्णिमेला आहे. त्याआधी कचेरीचा शिक्का लागतो, आणि मठाबद्दल जराही कुजबूज झाली तर तो मिळत नाही. दीक्षा झाली नाही तर मी अजून सासरचीच सून. माझे दीर त्याचीच वाट बघताहेत, त्यांनी तो धान्यवाला बिजवर ठरवून ठेवला आहे हे तुला ठाऊक आहे. ती कविता थांबव. निदान भुवई आणि झाड तरी काढ.

प्रकृतीला जप. मी रागावले असले तरी तुझीच आहे.

ताई

चांगआन, आठव्या महिन्याची पहिली

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. माझ्या मनात तसं काही नव्हतं, आपल्या आईची शपथ. देवी ही इथे बोलायची एक रीत आहे. कोणी मित्राला निरोप देताना लिहितो, कोणी बढती मागताना. मला वाटलं सगळे ती तशीच वाचतील. पण सुटलेला बाण आणि गायिकेच्या तोंडी गेलेली ओळ, दोन्ही परत येत नाहीत. मी दोघींना बदललेली ओळ दिली. त्यांनी ऐकून घेतली आणि गायली जुनीच.

आता जे लिहितो आहे ते रागावण्याआधी शेवटपर्यंत वाच. दौ साहेब नवव्या महिन्यात लोयांगला कामासाठी जाणार आहेत. नवमीच्या सणाला वाटेत तुमच्या मठात थांबायचं त्यांच्या मनात आहे. त्यांनी विचारलं की ती भुवई खरी आहे का. चार लोक बसले होते. मी गप्प राहिलो. ते हसले आणि म्हणाले की म्हणजे खरी. मग त्यांनी विचारलं, कोण लागते. मी सांगून टाकलं.

ताई, ते वाईट गृहस्थ नाहीत. साठी ओलांडली आहे, डोळ्यांनी अधू झाले आहेत. त्यांना एवढंच हवं आहे की तू समोर बसून एक प्याला ओतावास आणि दोन शब्द बोलावेत. आधी ते दारू म्हणाले होते, मी चहा म्हणवून घेतलं. या हिवाळ्यात ते माझं नाव पुढे पाठवणार आहेत. त्यांनी मनात आणलं तर तुझ्या शिक्क्याचंही काम एका ओळीत होईल. आणि मनात आणलं नाही तर, ते तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतेस.

आत्यानं वडिलांच्या मागे शेत विकून मला इथे पाठवलं. मी हात हलवत घरी कसा जाऊ? एक प्याला चहा. त्यापुढे काही नाही. नाही म्हणायचं असेल तर तसं लिही.

लोभ आहे तितका तरी राहू दे.

शुनझी

वेई नदीकाठ, आठव्या महिन्याची विसावी

चि. शुनझीस आत्याचे आशीर्वाद. ते तुला पुरतील की नाही कोण जाणे.

माझे रेशमाचे किडे यंदा बरे झाले, गुडघा दुखतो, लाव्यांच्या थव्यानं उरलेलं राळ्याचं शेत खाल्लं. झाल्या बातम्या. आता तुझ्याकडे वळते.

ताईनं तुझं पत्र मला धाडलं. तिनं स्वतः एक शब्द लिहिला नाही, नुसतं तुझंच पत्र घडी घालून. त्याच आठवड्यात तिचा दीर येऊन माझ्या ओट्यावर बसला. तालुक्याच्या दारूच्या गुत्त्यात तुझं गाणं ऐकून आला होता. म्हणाला, वहिनीचा भगवा म्हणे, हे तर दिवा लावून बसण्याचं निमित्त. थंडीच्या आधी गाडी घेऊन येतो, म्हणाला. मी त्याला चहा दिला नाही. पण तो खोटं बोलतोय असंही मला म्हणता येईना, कारण शब्द तुझे होते.

तू इतकी पुस्तकं वाचलीस, आणि एवढी साधी गोष्ट उलटी कशी केलीस रे? तुम्ही दोघं लहान असताना मी हीच गोष्ट सांगत असे. हान सम्राटाला अमर व्हायचं होतं. राणीमाता येणार असं कळलं तेव्हा त्यानं उपास केला, स्वतःच्या महालाचं अंगण झाडून घेतलं, दिवे लावले आणि दाराशी उभा राहिला. ती आली, जेवली, पीचची फळं दिली, आणि तोंडावर सांगून गेली की तुझी हाव आणि तुझी कापाकापी सुटत नाही, तुला काही अमरत्व मिळायचं नाही. वाट राजानं बघायची असते, बाबा. देवीनं नाही. तू तिला खिडकीत बसवलंस.

आणि हा चहा. एक प्याला म्हणे. म्हातारा डोळ्यांनी अधू आहे म्हणे. मांजर डोळे मिटून दूध पितं ते मी पाहिलं आहे. शेत मी विकलं, ते माझं होतं. रुईन्यांग माझी असली तरी विकायची नाही.

दौ साहेबांना जाऊन नाही म्हण. म्हणवत नसेल तर घरी ये, लावे हाकलायला माणूस हवाच आहे.

रागावले तरी आत्याच. जेवत जा.

निळ्या पाखरांचा मठ, नवव्या महिन्याची बारावी

शुनझी यास आशीर्वाद.

तू दौ साहेबांना नाही म्हटलं नाहीस. म्हटलं असतंस तर ते आले नसते, म्हणून विचारत नाही. काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

सणाच्या आदल्या दिवशी त्यांचा माणूस सांगून गेला की साहेब उद्या दुपारी येतील, खाच असलेल्या बाईनं सेवेला असावं. मी माझं गाठोडं बांधलं. बाहेर आले तर मठाची अब्रू जाते, आले नाही तर मठावर रोष होतो. तेव्हा तिसरा मार्ग मला एकच दिसला, दिराकडे जाण्याचा. मी गुरुमायना तसं सांगायला गेले. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

आजाऱ्यांचे केस काढायचा वस्तरा गुरुमायनी मागवला. मला वाटलं माझे केस काढायचे आहेत, विद्रूप करून लपवायचं आहे. त्यांनी पाण्याच्या पातेल्यात बघत स्वतःच्या डाव्या भुवईत खाच पाडली. सत्तर वर्षांच्या भुवईत केस ते किती, पण पाडली. मग वस्तरा शेजारणीकडे दिला. कोणी कोणाला काही समजावलं नाही. एकीमागून एक सगळ्यांनी केलं. शेवटी दोंग आजी राहिल्या. त्या म्हणाल्या, राजधानीतल्या बायका भुवया भादरून रंगवतात तेव्हा मी नाकं मुरडत होते, या वयात माझ्यावरच ही पाळी आली. आणि मान पुढे केली. माझ्या व्रणाचं पांढरं दिसू नये म्हणून मग सगळ्यांच्याच खाचेत राख चोळली.

साहेब आले तेव्हा सगळ्या दालनात रांगेनं उभ्या होतो. चहा दोंग आजींनी आणला, मीठ जरा जास्तच घातलेला. साहेबांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. आजी हसल्या, उरलेले दोन्ही दात दाखवून. मग ते रांगेतून चालत गेले, प्रत्येकीच्या भुवईपाशी थांबत. माझ्यासमोरही थांबले. त्यांच्या श्वासाला सणाच्या शेवंतीच्या दारूचा वास होता. मी पाण्याचा घडा धरून उभी होते, आणि ते पुढे गेले. कोणीच नसणं इतकं सुखाचं असतं हे मला माहीत नव्हतं.

राणीमाता यांतली कोणती, असं त्यांनी शेवटी विचारलं. गुरुमायनी भिंतीकडे हात केला. त्या म्हणाल्या, “ती तिथे आहे, दातांसकट. आम्ही तिच्या दासी, आणि तिच्या दासींच्या भुवया अशाच असतात.”

आधी त्यांचे नोकर हसले. मग त्यांनाही हसावं लागलं. चहा अर्धा टाकून ते निघून गेले. जाताना त्यांनी भिंतीकडे एकदा मान वळवून पाहिलं, आणि त्यांचं हसू जागीच थांबलं ते मी पाहिलं.

आता माझं. ते कौल तू फेकलंस, तेव्हा भुवईतलं रक्त माझ्या डोळ्यात ओघळत होतं आणि तू कोठीत लपून बसला होतास. आईनं विचारलं तेव्हा मी सांगितलं की पायरीवरून पडले. ती मरेपर्यंत तिला तेच माहीत होतं. तेव्हा मी तुला लपवलं होतं, शुनझी. या वेळी तुझी पाळी होती.

आणखी लिहवत नाही.

रुईन्यांग

चांगआन, दहाव्या महिन्याची दुसरी

ती. ताईस सा. न. वि. वि.

दौ साहेब परतले. मेजवानीत त्यांनी सगळी हकीकत विनोद म्हणून सांगितली. या उमेदवारानं मला म्हाताऱ्यांच्या मठात पाठवलं, म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो, कारण न हसण्याची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी माझी गुंडाळी परत आली. नाव पुढे गेलेलं नाही. गायिकांनी कविता टाकून दिली आहे, आता ती हास्यास्पद झाली. तुला हवं होतं ते असं झालं.

खरं सांगतो, पहिले काही दिवस मला तुझाच राग आला. एक प्याला चहा असंच डोक्यात फिरत होतं. मग रिकाम्या खोलीत आत्याचं पत्र पुन्हा काढलं. माझ्या हातून काय होता होता राहिलं ते तेव्हा कळलं, आणि ते मी थांबवलेलं नाही, दोंग आजींनी थांबवलं, ही गोष्ट मला खात राहते.

दात असलेल्या राणीमातेवर मी काही लिहायला बसलो होतो. मोकळे केस, शेपटी, साथ, सगळं. लिहून झालं आणि चुलीत घातलं. तिला माझी गरज नाही.

दीक्षेला येऊ का? नको म्हणालीस तर येणार नाही. उत्तरच दिलं नाहीस तर काय समजावं, तेही कळव.

ज्या मायेवर आता माझा हक्क नाही, तीच मागतो.

शुनझी

निळ्या पाखरांचा मठ, दहाव्या महिन्याची विसावी

चि. शुनझी यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राला मी मुद्दामच उत्तर दिलं नव्हतं. काय लिहावं ते ठरत नव्हतं.

कवितेचं हसं झालं तशी कुजबूजही थांबली, शिक्का वेळेवर मिळाला. पौर्णिमेला दीक्षा झाली. आता माझं नाव वेगळं आहे, ते भेटीत सांगेन. दीर गाडी घेऊन आले होते, रिकामी परत नेली. भिंत रंगवायची नाही असं गुरुमायनी व्यापाऱ्याला कळवलं, तेव्हा छप्पर यंदाही गळणार. राणीमातेचे दात आहेत तसेच आहेत. सगळ्यांच्या भुवया हळूहळू भरताहेत. दोंग आजींची मात्र काही उगवत नाही. ती तुझ्या नावावर मांडून ठेवली आहे असं त्या रोज म्हणतात.

दीक्षेच्या सकाळी दाराबाहेर कोणीतरी अंगण झाडत होतं असं त्यांनीच मला सांगितलं. उजाडल्यापासून झाडत होता, म्हणाल्या. नाव सांगितलं नाही, आत बोलावलं तर आला नाही, पेज दिली ती उभ्यानंच प्यायला. आतली घंटा थांबेपर्यंत जर्दाळूखाली उभा होता, मग गेला. झाडणं अगदी पंडिती, म्हणाल्या, इकडची पानं तिकडे.

मी बाहेर जाऊन पाहिलं. झाडाखालची पानं खरंच नुसती एका बाजूला सरकवलेली होती. मी त्यांना हात लावला नाही, अजून तशीच आहेत.

आत्याकडे जा आणि लावे हाक. वसंतात ये. तेव्हा बाहेर उभा राहू नकोस, आत ये, आणि दोंग आजींसाठी भुवया रंगवायची काजळकांडी आण.

तुझी ताईच